पूर्ण वेळ सोडून ‘पर डिएम’ घेऊ का?

सदर : ड्यूटी आणि घर
अमेरिकेत नर्सिंग करणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना न्यू जर्सीतल्या एका अनुभवी मराठी नर्सची उत्तरे

प्रश्न १

ताई, सप्रेम नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची, सध्या एडिसनला राहते. बीएस्सी नर्सिंग पुण्यात झालं. लग्नानंतर एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर, इथे आले, एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा दिली, ईएडी, म्हणजे नोकरी करू देणारं सरकारी कार्ड, हातात आल्यावर एका रुग्णालयात टेलिमेट्री फ्लोअरवर (रुग्णांच्या हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवणाऱ्या वॉर्डात) लागले. येत्या मार्चमध्ये तिथे तीन वर्षं होतील. आठवड्याला बारा तासांच्या तीन दिवसपाळ्या आणि दर तिसरा वीकेंड. सकाळी सव्वासहाला घर सोडते. रिपोर्ट देऊन परत यायला सव्वाआठ होतात, तोवर धाकटा झोपलेला असतो.

मुलगी दुसरीत आहे, मुलगा तीन वर्षांचा. नवरा एका कन्सल्टिंग कंपनीमार्फत आयटीत आहे. तीन दिवस जर्सी सिटीला जातो, मंगळवारी आणि शुक्रवारी घरून काम करतो. त्याच्या कंपनीचा विमा महाग पडतो, म्हणून आम्हा चौघांचा विमा माझ्या रुग्णालयाचा आहे. गेले सहा महिने सासूबाई इथे होत्या, म्हणून निभावलं. नोव्हेंबरअखेर त्या परत जातील. डे-केअर सात ते सहा, महिन्याला १,५०० डॉलर. माझी पाळी त्या वेळेत बसतच नाही.

मुलीच्या वर्गात दर शुक्रवारी कुणाची तरी आई किंवा बाबा येऊन गोष्ट वाचतात. ‘आई, तुझा नंबर कधी?’ असं ती सप्टेंबरपासून विचारते आहे. माझ्या मॅनेजर म्हणाल्या, हवं तर डिसेंबरपासून पर डिएम हो. मला आता तासाला ४७ डॉलर मिळतात, पर डिएमला ५६ आहेत. नवरा म्हणतो, ‘तुझं तू ठरव.’ आई फोनवर म्हणते, ‘एवढी शिकलीस, चांगली पर्मनंट नोकरी कुणी सोडतं का?’ मी काय करू?

– एक नर्स, एडिसन

उत्तर

तू मला ताई म्हणतेस, म्हणून मीही तुला ‘तू’च म्हणते. पर डिएम हो, पण डिसेंबरात नको. मधे तीन-चार महिन्यांची एक पायरी आहे, ती घे.

इतर वाचकांसाठी दोन शब्द. पर डिएम नर्स रुग्णालयाच्या पटावर असते, पण तिचे तास बांधलेले नसतात. फ्लोअरला माणूस कमी पडलं की तिला पाळी मिळते, आणि तीही आपण कधी येऊ शकतो ते आधी कळवते. तासाचा दर जास्त असतो. विमा, पगारी रजा, निवृत्तीच्या खात्यात रुग्णालयाची भर, यातलं सहसा काही नसतं.

आता हिशेब. तुझ्या पत्रात तो अर्धाच आला आहे. ४७ आणि ५६ मधला ९ डॉलरचा फरक डोळ्यांत भरतो, पण रुग्णालय तुझ्या नावावर जे भरतं ते पे-स्लिपवर ठळक दिसत नाही. केएफएफ ही संस्था दरवर्षी नोकरीतून मिळणाऱ्या विम्याची पाहणी करते. २०२४ मध्ये कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता, आणि त्यातले कर्मचाऱ्याच्या पगारातून जायचे ६,२९६. बाकीचे १९,००० च्या वर मालक भरत होता. तू आठवड्याला दोन पाळ्या धरून वर्षातले ४४ आठवडे पर डिएम केलंस तर ते १,०५६ तास होतात. तासाला ९ डॉलर जास्त म्हणजे वर्षाला साडेनऊ हजार. विम्यात रुग्णालयाचा वाटा या सरासरीच्या आसपास असेल, तर जास्तीचा दर त्याच्या निम्म्यालाच पुरतो.

तुझ्या मॅनेजरांनी तुला दोनच टोकं दाखवली, पूर्ण वेळ किंवा पर डिएम. मधे पार्ट टाइम असतं. आठवड्याला दोन पाळ्या, म्हणजे २४ तास. न्यू जर्सीतली बरीच रुग्णालयं एवढ्या तासांना विमा देतात. तुझा हप्ता वाढेल, पण विमा राहील. ४७ डॉलरच्या दराने, पगारी रजा धरून, वर्षाचे ५८,६५६ डॉलर होतात. पर डिएमचे ४४ आठवड्यांचे होतात ५९,१३६. वर्षाला ४८० डॉलरचा फरक! पर डिएममध्ये आठ आठवडे मोकळे मिळतात हे खरं, आणि तुझ्यासारख्या आईला तेच हवे असतात. म्हणून मी तुला पर डिएमला नाही म्हणत नाही. पैसा दोन्हीकडे जवळपास सारखाच आहे. एका बाजूला विमा आहे, दुसऱ्या बाजूला कॅलेंडरवरचा हक्क. विम्याची सोय दुसरीकडे झाली, की मग कॅलेंडर घ्यायला मोकळी.

ती सोय तुला एरवीही करावीच लागणार आहे, आणि हे मी जरा जोर देऊन सांगते. चौघांचा विमा तुझ्या नोकरीवर, तुझी नोकरी ईएडीवर. पूर्वी ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज मुदतीत टाकला की जुन्या कार्डाला आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती मिळत नाही. नवं कार्ड वेळेत आलं नाही तर तू कितीही चांगली नर्स असलीस तरी फ्लोअरवर पाऊल ठेवता येत नाही, आणि त्यामागोमाग विमाही जाऊ शकतो. अर्ज १८० दिवस आधी टाकता येतो, त्या दिवशीच टाक. आणि चौघांचा विमा नवऱ्याच्या नोकरीकडे नेण्याचा विचार पर डिएमसाठी नाही, तर या कारणासाठी आत्ताच करा.

‘महाग पडतो’ म्हणजे किती, हे तू लिहिलेलं नाहीस. कदाचित तुम्ही लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बघितला असेल आणि तेच मनात राहिलं असेल. या वेळच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे वर्षातून एकदा विमा निवडायच्या मुदतीत, त्याच्या कंपनीचे सगळे प्लॅन समोर ठेवा. हप्ता, डिडक्टिबल (विम्याने पैसे द्यायच्या आधी आपण भरायची रक्कम), मुलांचे डॉक्टर त्यात आहेत का, तीन वर्षांच्या मुलाच्या लसी आणि कानदुखीच्या फेऱ्या. वर्षाचा एकूण आकडा काढा. तो आकडा तुझ्या आत्ताच्या हप्त्यापेक्षा किती जास्त आहे, तेवढी पर डिएमची खरी किंमत.

ओपन एनरोलमेंट हुकलं तरी वाट बंद होत नाही. तास कमी झाल्यामुळे तुझा विमा गेला, तर त्या दिवसापासून ३० दिवसांत नवऱ्याच्या कंपनीकडे मागणी करता येते. एकतिसाव्या दिवशी पुढच्या वर्षापर्यंत थांबा म्हणून सांगतात, आणि त्यात त्यांची चूक नसते. न्यू जर्सीच्या स्वतःच्या बाजारातून, म्हणजे ‘गेट कव्हर्ड न्यू जर्सी’वरून घ्यायचा झाला तर ६० दिवस मिळतात. कोब्रा हा तिसरा मार्ग. जुनाच विमा १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता आपण भरायचा, वर दोन टक्के. मघाच्या सरासरीने ते महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर जातं. कोब्रा निवडायला ६० दिवस असतात आणि निवडला की तो मागच्या तारखेपासून लागू होतो, त्यामुळे मधल्या थोड्या दिवसांसाठी तो धीर देतो. विम्याशिवाय मात्र राहू नका. या राज्यात २०१९ पासून त्याला करात दंडही आहे.

पर डिएम होण्याची तारीख ठरवताना एचआरला ईमेलवर विचार : विमा त्याच दिवशी संपतो की महिनाअखेर? महिनाअखेर संपत असेल तर बदल महिन्याच्या पहिल्या आठवड्यात माग, जवळजवळ एक महिना पदरात पडतो. साठलेल्या रजेचे पैसे मिळतात का तेही विचार. न्यू जर्सीच्या कायद्यात ते द्यावेच लागतात असं नाही, रुग्णालयाच्या धोरणावर आहे. मिळत नसतील तर ती रजा सासूबाई गेल्यानंतरच्या डिसेंबरात वापर. शाळेला नाताळची सुट्टी लागतेच.

आणि मार्च. तुझ्या निवृत्तीच्या खात्यात रुग्णालय भर घालत असेल, तर ती तुझी कधी होते हे प्लॅनच्या कागदात बघ. पुष्कळ ठिकाणी तीन वर्षांची अट असते. काही प्लॅन एका वर्षात एक हजार तास काम झालं की ते वर्ष धरतात, काही पूर्ण तीन वर्षं मोजतात. पूर्ण वर्षं मोजत असतील आणि तीन वर्षांना तीन-चार महिने राहिले असताना सोडलंस, तर कदाचित ती सगळी भर परत जाईल. म्हणूनच मी डिसेंबरात नको म्हटलं. डिसेंबर ते मार्च पार्ट टाइम, मार्चनंतर पर डिएम. या मधल्या महिन्यांत नवऱ्याकडचा विमा सुरू होईल, आणि दोन पाळ्यांचं आयुष्य प्रत्यक्षात कसं असतं ते तुम्हा चौघांनाही कळेल.

पार्ट टाइमची एक खोच सांगून ठेवते. एफएमएलए, म्हणजे नोकरी न गमावता १२ आठवड्यांची बिनपगारी रजा, मिळायला आधीच्या वर्षात १,२५० तास प्रत्यक्ष काम केलेलं लागतं. आठवड्याला २४ तास, वर्षभर एकही दिवस न चुकता, म्हणजे १,२४८. दोन तास कमी! आणि घेतलेली रजा कामाच्या तासांत धरत नाहीत. वर्षात चार-पाच जादा पाळ्या घेऊन ठेवल्या तर हा हक्क हातात राहतो. पर डिएम झाल्यावर तो बहुतेक जाणार, हे धरून चाल. पगारी आजारी रजेचंही तसंच. न्यू जर्सीत २०१८ पासून कायदा आहे, पण पर डिएम आरोग्य कर्मचारी त्यातून वगळलेले आहेत. तुला ताप आला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. उलट राज्याचा फॅमिली लीव्ह इन्शुरन्स पर डिएमच्या पगारातूनही कापला जातो, आणि कमाईची किमान अट पूर्ण असेल तर घरच्या गंभीर आजारी माणसासाठी किंवा तान्ह्या बाळासाठी तो मिळतो. १२ आठवड्यांपर्यंत, पगाराच्या ८५ टक्के, राज्याने ठरवलेल्या कमाल मर्यादेत. हे फार जणींना ठाऊक नसतं.

कागदपत्रांचं एवढं पुरे. आता दिवसांचं बोलू, कारण तू मुळात त्यासाठीच लिहिलं आहेस.

पर डिएममध्ये वेळ आपोआप मिळत नाही, तो आपण मांडून घ्यावा लागतो. रुग्णालयाची अट आधी लेखी घे. साधारणपणे महिन्याला काही पाळ्या, त्यातल्या एक-दोन वीकेंडला, आणि वर्षात हिवाळ्यातला एक मोठा सण व उन्हाळ्यातला एक. थँक्सगिव्हिंग की ख्रिसमस, चार जुलै की लेबर डे, हे तूच निवड. आपल्याकडचे बहुतेक जण नाताळची पाळी घेऊन दिवाळीचा दिवस मोकळा ठेवतात, आणि फ्लोअरवरच्या इतरांनाही ते आवडतं.

तुझे दिवस मला पत्रातच दिसताहेत. नवरा मंगळवारी आणि शुक्रवारी घरी असतो. त्यातला एक दिवस तुझा पाळीचा. सात वाजता मुलाला सोडणं, मुलीला बसपर्यंत पोचवणं, सहाच्या आत आणणं आणि रात्रीचं जेवण हे त्या दिवशी त्याचं. मंगळवार घे, म्हणजे शुक्रवार मुलीच्या वर्गासाठी राहील. दुसरी पाळी शनिवारी. रविवार मराठी शाळेला मोकळा ठेव. डे-केअर सोडू नकोस. ‘लागेल तेव्हा आणू’ असं डे-केअरवाले चालवून घेत नाहीत, पण आठवड्याचे दोन-तीन ठरावीक दिवस पुष्कळ ठिकाणी देतात. पाळीचे दिवस ठरावीक असतील तरच ते जमतं. शाळेचं कॅलेंडर हातात घेऊनच पुढच्या महिन्याचे दिवस कळव. नोव्हेंबरात शिक्षकांच्या अधिवेशनासाठी शाळा दोन दिवस बंद असतात, जूनच्या शेवटी उन्हाळ्याची सुट्टी लागते, आणि कॅम्प मिळवायला जानेवारीपासून धावपळ असते. पूर्ण वेळच्या नर्सला या दिवसांसाठी रजा मागावी लागते, आणि ती त्याच दिवशी सगळ्यांनाच हवी असते. तुला फक्त त्या दिवशी येणार नाही एवढं कळवायचं.

मग मेसेज सुरू होतील. पहाटे साडेचारला, ‘आज सातला येऊ शकता का, जादा पैसे देऊ.’ उत्तर द्यायलाच हवं असं कुठे लिहिलेलं नाही. ज्यांच्या पाळ्या फोनच्या भरवशावर ठरतात त्यांची मुलं पूर्ण वेळच्या आईपेक्षाही जास्त गोंधळतात, हे मी आमच्या फ्लोअरवर बघितलं आहे. ठरलेल्या दिवशी वेळेवर जा, नीट काम कर. बाकीच्या दिवशी फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

एक प्रश्न तूच स्वतःला विचार. तू थकतेस ती तासांनी, की एका पाळीत वाट्याला येणाऱ्या रुग्णांच्या संख्येने? ऑगस्ट २०२३ मध्ये तुमच्या शेजारी न्यू ब्रन्सविकला रॉबर्ट वुड जॉन्सन रुग्णालयातल्या सुमारे १,७०० नर्स संपावर गेल्या आणि संप डिसेंबरपर्यंत चालला. मुख्य भांडण एका नर्सकडे किती रुग्ण याचंच होतं. दमणूक त्या कारणाची असेल तर पर डिएमने ती जाणार नाही. रुग्ण तेवढेच असतील, आणि माणूस कमी असलेल्या दुसऱ्या फ्लोअरवर पाठवायची (फ्लोट करायची) वेळ आली की पहिला नंबर पर डिएमचा लागतो. मग फ्लोअर बदलायचा विचार कर. एंडोस्कोपी, इन्फ्युजन सेंटर, दिवसाच्या शस्त्रक्रियेचं केंद्र इथेही पर डिएम नर्स घेतात, आणि तिथे बहुधा रात्र नसते, रविवार नसतो.

घरातलं सांगायला मला जास्त कळकळ वाटते. तू पर डिएम झालीस की सगळ्यांच्या मनात ‘आता ती घरीच असते’ हे बसेल. बँकेचं काम, गाडीची सर्व्हिस, पाहुण्यांना विमानतळावरून आणणं, कुणाच्या तरी मुलाला तासभर सांभाळणं, सगळं तुझ्याकडे येईल. मुलांसाठी काढलेला वेळ असा किडूकमिडूक कामांत निघून जातो. बारा तास पायावर उभी राहिलेल्या बाईचा दुसरा दिवस अर्धा विश्रांतीतच जातो, तोही पाळीचाच भाग आहे. म्हणून नवऱ्याचं ‘तुझं तू ठरव’ मला पुरेसं वाटत नाही. विमा त्याच्या नावावर येणार, मंगळवारी संध्याकाळी तो स्वयंपाकघरात असणार, उत्पन्न घटणार. हे दोघांनी मिळून ठरवायचं आहे. तो चांगल्या मनानेच म्हणत असेल, तरीही कागद-पेन घेऊन शेजारी बसव.

आईला सांग की नोकरी सोडत नाहीयेस. परवाना चालू, हात चालू, ड्यूटी चालू. मी स्वतः मुलगा मिडल स्कूलमध्ये असताना पर डिएम झाले. दोन वर्षांनी सांगलीला वडिलांना पक्षाघाताचा झटका आला. मी जाण्याआधी आणि आल्यावर पाळ्या लागोपाठ घेतल्या आणि मधे पाच आठवडे वडिलांजवळ राहिले, कुणाकडे रजेचा अर्ज न करता. फिजिओथेरपीच्या पहिल्या दिवशी त्यांना भिंतीला धरून उभं केलं ते मी. एवढ्या लांब राहणाऱ्या लेकीला याची किंमत काय असते, ते तुझ्या आईलाही पटेल. फक्त जाताना बघून जा. बऱ्याच ठिकाणी ठरावीक दिवसांत एकही पाळी झाली नाही तर नाव पटावरून काढतात.

शुक्रवारच्या गोष्टीसाठी मार्चपर्यंत थांबू नकोस. या महिन्याचं रोस्टर लागण्याआधी एक शुक्रवार बदलून माग. मॅनेजर पर डिएम द्यायला तयार आहेत, म्हणजे एक दिवस नक्की देतील.

प्रश्न २

नमस्कार. माझी पत्नी दीड वर्षापासून पर डिएम आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. गेल्या महिन्यात पहाटे फोन करून तिच्या तीन पाळ्या रद्द केल्या. घराचा हप्ता डोक्यावर आहे. ती चिडते, मी चिडतो. अशा उत्पन्नावर घर कसं चालवायचं?

– एक वाचक, पार्सिपनी

उत्तर

पत्नीवर चिडू नका. तिची पाळी गेली ती कामात काही कमी पडलं म्हणून नाही. रात्रीत रुग्ण घरी गेले, पहाटे मोजणी झाली, नर्स जास्त ठरल्या. अशा वेळी कुणाला आधी घरी थांबवायचं याचा क्रम लेखी असतो, आणि युनियन असेल तर करारात असतो. पर डिएमचा नंबर त्यात वरच असतो. पत्नीने तो कागद मागून वाचावा. किती तास आधी कळवायला हवं आणि उशिरा कळवलं तर काही तासांचे पैसे मिळतात का, हे बहुधा त्यातच असतं.

घराचा हप्ता, वीज, गाडी हे तुमच्या बांधलेल्या पगारातून भागलं पाहिजे. तेवढं भागत नसेल, तर तुमच्या घराला सध्या एक पार्ट टाइम नोकरी हवी आहे, पर डिएम नको. हे स्पष्ट सांगितलं म्हणून राग मानू नका. भागत असेल, तर पत्नीच्या किमान पाळ्यांइतकंच उत्पन्न धरा आणि जानेवारी-फेब्रुवारीतले जास्तीचे पैसे बाजूला ठेवा. फ्लूच्या दिवसांत खाटा भरलेल्या असतात, पाळ्या मागाल तेवढ्या मिळतात. तेच पैसे रिकाम्या आठवड्यांना पुरवायचे.

दुसऱ्या रुग्णालयाच्या पटावरही नाव घालता येतं, आमच्या ओळखीत बऱ्याच जणी असं करतात. पण मग कराकडे लक्ष द्या. दोन्हीकडे पगारातून कर कापताना हीच एकमेव नोकरी आहे असं धरतात, त्यामुळे कमी कापला जातो आणि एप्रिलमध्ये धक्का बसतो. डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा फॉर्म, नव्याने भरा. त्यात एकाहून जास्त नोकऱ्यांसाठी वेगळी जागा आहे.

निवृत्तीचंही बघा. २०२५ पासून नियम असा आहे, की सलग दोन वर्षं ५००-५०० तास काम केलेल्या कर्मचाऱ्याला ४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यात स्वतःचे पैसे टाकू द्यावे लागतात, आणि बहुतेक रुग्णालयांच्या ४०३(बी) या तशाच खात्यालाही तो लागू आहे. रुग्णालय स्वतः भर घालेलच असं नाही. सोशल सिक्युरिटीची, म्हणजे सरकारी पेन्शनची, काळजी मात्र करू नका. तिच्या पात्रतेसाठी मोजली जाणारी वर्षाची चारही क्रेडिट मिळायला २०२५ मध्ये ७,२४० डॉलरची कमाई पुरत होती, तेवढी पत्नीची थोड्याच पाळ्यांत होते. पेन्शनची रक्कम मात्र सर्वांत जास्त कमाईच्या ३५ वर्षांवर ठरते, त्यामुळे मुलं मोठी झाल्यावर पत्नीने पुन्हा तास वाढवले तर तो फायदा पुढे दिसेल.

प्रश्न ३

माझी भाची नुकतीच एनसीएलईएक्स पास झाली. बाळ वर्षाचं आहे, म्हणून सुरुवातच पर डिएमने करावी असं तिला वाटतं. जमेल का?

– एक मावशी, फ्रँकलिन पार्क

उत्तर

रुग्णालयात जमणं कठीण, आणि जमलं तरी मी तिला जाऊ देणार नाही. बहुतेक ठिकाणी पर डिएमसाठी किमान वर्षभराचा रुग्णालयातला अनुभव मागतात, ते योग्यच आहे. पर डिएमला ओरिएंटेशनच्या मोजक्या पाळ्या मिळतात. नव्या नर्सला जुन्या नर्सच्या शेजारी उभं राहून कित्येक आठवडे शिकायचं असतं. रुग्णाचा श्वास बदलला हे मॉनिटरच्या आधी डोळ्यांना कळायला वेळ लागतो, आणि तो वेळ सलग द्यावा लागतो. तिचं चुकलं तर त्रास खाटेवरच्या माणसाला होईल.

बाळासाठी घरी थांबायचंच असेल तर खुशाल थांबू दे, त्यात कमीपणा काही नाही. परवाना मात्र जिवंत ठेवायला सांगा. न्यू जर्सीत दर दोन वर्षांनी नूतनीकरण असतं आणि पुढे त्यासाठी ३० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, ते घरबसल्या होतं. बीएलएस, म्हणजे प्राथमिक जीवरक्षणाच्या प्रशिक्षणाचं कार्डही दोन वर्षांनी. मग बाळ दोन-अडीच वर्षांचं झालं की नव्या नर्सच्या रेसिडेन्सीला, म्हणजे रुग्णालयातल्या सुरुवातीच्या प्रशिक्षणाला, अर्ज करायचा. बऱ्याच ठिकाणी परवाना मिळून फार काळ लोटलेल्यांना त्यात घेत नाहीत, म्हणून ती अट तिने आत्ताच दोन-तीन रुग्णालयांच्या जाहिरातींत वाचून ठेवावी, आणि किती थांबायचं ते त्यावरून ठरवावं.